पायी जाता येईल असं मैदान

कोकणातल्या बहुतेक नगरपालिकांच्या गावांत एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. विकास आराखड्यात बाजारपेठेला लागून कुठेतरी ‘खेळाचे मैदान’ असं आरक्षण असतं. वर्षानुवर्षं ती जागा पडून राहते. रान माजतं, कोणी कोपऱ्यात रेती ओततो, कोणी टेम्पो लावतो. मग एक दिवस आरक्षण बदलून तिथे वाहनतळ किंवा दुकानगाळे करण्याचा प्रस्ताव येतो आणि गावात दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मुलं मोबाइलमध्ये बुडाली, आमच्या वेळी आम्ही दिवस दिवस विटीदांडू खेळायचो, मैदान वाचवा. दुसरा म्हणतो, बाजारात गाडी लावायला जागा नाही, धंदा बसला, आणि एवढा समुद्र असताना कोकणातल्या पोरांना मैदान हवंय कशाला? दोघांचं ऐकून घेतल्यावर वाटतं, मूळ मुद्द्याला कोणी हातच घातलेला नाही. पहिल्यांना आपलं बालपण परत हवं आहे. दुसऱ्यांच्या हिशेबात मूल धरलेलंच नाही.

माझं म्हणणं असं आहे. जुन्या पेठेत, आळ्यांत, घराला घर लागलेल्या वस्तीत, सात-आठ वर्षांचं मूल हमरस्ता न ओलांडता, कोणी सोडायला न येता, पाच मिनिटांत चालत पोचेल अशी मोकळी जागा असलीच पाहिजे. ती पाच गुंठे असली तरी चालेल. गावाबाहेरच्या स्टेडियमने किंवा तिकीट लावलेल्या उद्यानाने ही गरज भागत नाही. आणि आराखड्यात अशी जागा अजून शिल्लक असेल तर ती दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नये, मग ते काम कितीही उपयोगाचं असो.

अंतरावर एवढा जोर का? पेठेतल्या मुलाची संध्याकाळ कशी जाते ते पाहा. शाळा सुटते पाचला. पाच ते आठ ही दुकानदाराची सगळ्यात धावपळीची वेळ. वडील गल्ल्यावर, आई वजनकाट्यापाशी किंवा घरी शिलाई मशीनवर, आजीचे गुडघे दुखतात. दोन किलोमीटरवरच्या मैदानात या मुलाला नेणार कोण आणि परत आणणार कोण? मैदान कागदावर गावात असतं, पण त्याच्यापुरतं ते नसतंच. मग ते खेळतं कुठे? अपार्टमेंटच्या खालच्या पार्किंगमध्ये, दोन स्कूटरींच्या मधल्या पट्ट्यात. चेंडू गाडीखाली गेला की पोटावर पालथं पडून काठीने ओढायचा, गटारात गेला की नळाखाली धरायचा आणि कोणाच्या काचेवर आदळला की पळायचं. सोसायटीने भिंतीवर ‘येथे मुलांनी खेळू नये’ असा फलक लावलेला असतोच. लगोरीला लागतं तेवढं मोकळं वर्तुळही त्या आवारात निघत नाही.

मुलींचं तर आणखी कठीण. दहा-अकराव्या वर्षानंतर पेठेतल्या मुली बाहेर खेळताना दिसेनाशा होतात. त्यांची खेळायची हौस संपलेली नसते. लांबच्या मोठ्या मैदानावर मोठी मुलं आणि पुरुष असतात, आणि तिथे एकटीला पाठवायला घरचे धजावत नाहीत. तीच जागा आळीच्या तोंडाशी, चार घरांच्या ओट्यावरून दिसेल अशी असती, तर लंगडी, खो-खो, आट्यापाट्या चालू राहिल्या असत्या. मोठ्या मैदानांवर आणखी एक आक्रमण असतं. दिवाळी झाली की पाऊस येईपर्यंत टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धा, त्यातल्या कित्येक प्रकाशझोतात. मला त्या स्पर्धांचं वावडं नाही, कोकणातल्या तरुणांचा तो जिवाभावाचा खेळ आहे. पण तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला सीमारेषेबाहेर हाकललं जातं, ही वस्तुस्थिती आहे. तरुणांचं मैदान आणि लहानांचं अंगण या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि आपल्या चर्चेत त्या एकच धरल्या जातात.

आता समुद्राकडे येऊ, कारण हा युक्तिवाद सगळ्यात जास्त वेळा केला जातो आणि सगळ्यात कमी तपासला जातो. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, वेंगुर्ले ही किनाऱ्यावरची गावं खरी. चिपळूण आणि सावंतवाडी मात्र नाहीत, तरी तिथेही हे वाक्य सर्रास ऐकू येतं. किनाऱ्यावरच्या गावांपुरतंच बोलू. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारच्या सुमारास लागते, म्हणून संध्याकाळी पुळण मोकळी असते. अष्टमीच्या आसपास मात्र भरती नेमकी संध्याकाळी येते. अष्टमीची ही भांगाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाइतकी चढत नाही हे खरं, पण जिथे पुळण मुळातच अरुंद आहे तिथे मुलांच्या खेळायच्या वेळी उरतो तो ओला, उतरता पट्टा. म्हणजे महिन्यातले कित्येक दिवस हे मैदान ऐन वेळी गायब. जूनपासून समुद्र खवळलेला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि पुळणीवर जाळी, दोर, ताडपत्र्या यांचं राज्य असतं, जे योग्यच आहे, कारण किनारा आधी कोळ्यांचा. उरलेल्या मोसमात किनाऱ्यावर पर्यटकांच्या गाड्या, घोडागाड्या, स्टॉल. आणि या सगळ्यावर मुख्य गोष्ट, ते पाणी आहे. पोहता येणारी मोठी माणसं दरवर्षी बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. सहा वर्षांच्या मुलाला ‘जा, एकटा समुद्रावर खेळून ये’ असं कोणती आई सांगेल? मोठ्या माणसाचा हात धरून जायचं ठिकाण म्हणजे सहल. मुलांना रोज खेळायला जे लागतं ते सहलीने मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. कोकणात मुलं आहेतच किती? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. शाळांचे पट कमी होत आहेत, हे मला मान्य आहे. पण घट कुठे झाली? वाड्या-वस्त्या रिकाम्या झाल्या, डोंगरातली घरं कुलूपबंद झाली. गावं सोडलेल्यांतले काही तालुक्याच्या ठिकाणीच राहायला आले आणि फ्लॅटमध्ये शिरले. पेठेच्या मागच्या खोल्यांत कर्नाटकातून आलेल्या मजुरांची, नेपाळी खलाशांची आणि रखवालदारांची, उत्तरेकडून आलेल्या सुतार-गवंड्यांची कुटुंबं भाड्याने राहतात. त्यांची मुलं कुठल्या क्लबात जात नाहीत. एका खोलीत चार-पाच माणसं राहत असतील तर त्या मुलाला पाय पसरायची जागा घराबाहेरच असते. मुलं कमी झाली म्हणून मैदान नको, हे म्हणणं मला उलट्या दिशेचं वाटतं. जिथे तरुण जोडपी राहावीत म्हणून आपण धडपडतो, तिथे लेकरांना खेळायला जागा नाही हे त्यांना दिसत नसेल का?

वाहनतळाचा मुद्दा मी हलका मानत नाही. मे महिन्यात, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या आल्या की पेठेतून रुग्णवाहिका जाणं मुश्कील होतं. गिऱ्हाईक गाडी लावायला जागा नाही म्हणून बाहेरच्या हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जातं, हा व्यापाऱ्यांचा अनुभव खोटा नाही. पण दोन गरजा समोरासमोर ठेवल्या तर एक फरक ढळढळीत दिसतो. गाडी पेठेच्या टोकाला लावून धडधाकट माणूस दहा मिनिटं चालू शकतो, अशक्तांसाठी चार जागा नाक्यावर राखता येतात. सहा वर्षांचं मूल दोन किलोमीटर चालून, महामार्गाचा फाटा ओलांडून खेळायला जाऊ शकत नाही. ज्याला दूर जाणं शक्य आहे त्याला जवळची जागा द्यायची आणि ज्याला अशक्य आहे त्याला गावाबाहेर पाठवायचं, यात न्याय कुठे आहे? शिवाय पेठेतला वाहनतळ चाळीस-पन्नास गाड्या घेईल आणि तेवढ्याच नव्या गाड्या अरुंद रस्त्यांतून आत ओढेल.

खरा कठीण मुद्दा जमीनमालकाचा आहे, आणि मैदानवाले तो टाळतात. आराखड्यात रेघ ओढली की मालकाला जमीन धड विकता येत नाही, बांधता येत नाही, आणि मोबदलाही मिळत नाही. कोकणात तर मिळकतपत्रिकेवर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. एखाद्या बहिणीच्या लग्नाला, एखाद्या भावाच्या आजारपणाला ती जमीन उपयोगी पडली असती, आणि नगरपालिकेने ती नुसती अडवून ठेवली. हा अन्याय आहे. म्हणूनच महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. कलम योग्य आहे. प्रश्न आहे तो ही बारा वर्षं नगरपालिका काय करत होती, हा. मैदान घालवायला ठराव करावा लागत नाही, बदनामी पत्करावी लागत नाही. फक्त काही करायचं नाही आणि मुदत संपू द्यायची. मुलांचं मैदान आणि मालकाचा हक्क या दोघांचा खरा शत्रू हा आळस आहे, आणि मालक विरुद्ध मुलं असा सामना लावून आपण त्यावर पांघरूण घालतो.

पैसे कुठून आणायचे? २०१३च्या भूसंपादन कायद्याने शहरी जागेला बाजारभावाच्या साधारण दुप्पट मोबदला द्यावा लागतो. छोट्या नगरपालिकेला पेठेतली मोठी जागा घेणं झेपत नाही, पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, द्यावा तर छोट्या गावात त्याला गिऱ्हाईक नाही. हे सगळं खरं. म्हणूनच एकरभर मैदानाचा हट्ट सोडा, असं मी म्हणतो. आरक्षणातली सगळी जागा घेणं शक्य नसेल तर मालकाशी बोलून, त्याला उरलेल्या जागेवर बांधू देऊन, आळीला लागलेला तुकडा घ्या. आणि त्याआधी स्वतःच्या नावावर काय आहे ते पाहा. पट कमी होऊन बंद पडलेल्या नगरपालिका शाळा, जुना मासळी बाजार, पाण्याच्या टाकीभोवतीची जागा, विहिरीचं आवार. शिक्षण हक्क कायदा, २००९ शाळेला खेळाचं मैदान असण्याची अट घालतो. ती मैदानं पाचनंतर कुलपात का? काचा फुटतील, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, ही मुख्याध्यापकांची भीती समजण्यासारखी आहे. तेवढ्यासाठी संध्याकाळच्या दोन तासांचा रखवालदार नगरपालिकेने द्यावा. जमीन विकत घेण्यापेक्षा तो पगार कितीतरी स्वस्त पडतो.

ॲमस्टरडॅमने दुसऱ्या महायुद्धानंतर हेच केलं. १९४७ साली आल्डो व्हान आइक या तरुण वास्तुरचनाकाराने तिथे पहिलं छोटं क्रीडांगण केलं, आणि पुढच्या तीस वर्षांत अशी सातशेहून जास्त. जागा कोणत्या? पाडलेल्या घरांचे रिकामे भूखंड, रस्त्याचे कोपरे, चौकातले उरलेले तुकडे. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायला काँक्रीटचे ठोकळे, बस्स. ते शहर तेव्हा युद्धातून नुकतं बाहेर आलं होतं, घरांची चणचण होती. तरी कोणी ‘आधी घरं, मग मुलं’ असं म्हणून थांबलं नाही.

आपल्याच लोकांचं उदाहरण हवं असेल तर मुंबई पाहा. १८९६च्या प्लेगने दाट वस्तीची किंमत शिकवली, १८९८मध्ये सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या नव्या वस्त्या मोकळ्या जागा राखून आखल्या गेल्या. त्याच भागात १९२५ साली सुमारे २८ एकरांचं मैदान लोकांसाठी खुलं झालं आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. त्या काळात मुंबईत घरांची टंचाई नव्हती का? गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोल्यांत आपलेच कोकणी लोक दाटीवाटीने राहत होते. तेव्हा कोणी ते मैदान विकून चाळी बांधल्या असत्या, तर त्या निर्णयाला व्यवहारी म्हणणारेही भेटले असते. आज त्या मैदानावर गाळे काढा असं म्हणायची कोणाची छाती नाही.

‘पण तिथे दवाखाना येणार असेल तर?’ असं मला एका सभेत विचारलं गेलं. प्रश्न प्रामाणिक होता. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली दिलं आहे. बंगळूरूत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती, आणि रहिवाशांच्या बाजूने निकाल देत न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. दवाखाना चांगला की उद्यान, असा तो वाद नव्हता. सगळ्यांसाठी राखलेली मोकळी जागा सरकारने मर्जीने दुसऱ्याला देऊ नये, हा होता. मुलांच्या खेळण्याच्या हक्काचा उल्लेख असलेल्या बालहक्क करारातही भारत १९९२ पासून सामील आहे. म्हणजे मैदान ही नगरपालिकेने केलेली मेहेरबानी नाही.

पेठेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट चर्चेत येत नाही. राज्याच्या बांधकामांसाठीच्या २०२०च्या एकात्मिक नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते. म्हणून गावाबाहेरच्या नव्या वसाहतींना नियमानेच थोडं अंगण मिळतं. पेठेत एवढा भूखंड असतोच कोणाचा? पाच-सात गुंठ्यांचं जुनं घर पाडून चार मजले उभे राहतात, खाली पार्किंग, खळं गेलं, पडवी गेली, मागचं परसू गेलं. पूर्वी दहा घरांची दहा खळी म्हणजेच मुलांचं मैदान होतं. ते गेलं आणि नियमाने त्याच्या बदल्यात काहीच दिलं नाही. पेठेपुरती आराखड्यातली आरक्षणं हीच शेवटची संधी आहे.

देखभालीची तक्रार मी पुरती मान्य करतो. नगरपालिकेची बालोद्यानं पाहवत नाहीत. खारा वारा दोन पावसाळ्यांत लोखंड खातो. घसरगुंडीचं खालचं टोक पत्र्यासारखं धारदार होतं, झोपाळ्याची एक साखळी तुटलेली आणि दुसरीला फळी लोंबकळत असते. रात्री बाटल्या फुटतात. पण ही तक्रार खेळण्यांच्या कंत्राटाबद्दल आहे. मुलांना मुळात काय लागतं? सपाट केलेली तांबड्या मातीची जमीन, पाणी वाहून जाईल असा उतार, कडेने बसता-चढता येईल असा जांभ्याचा गडगा, आंब्या-वडाची सावली, एक नळ, एक दिवा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा एका कडेला पत्र्याची शेड असली की जून ते सप्टेंबरही जात नाही. यातलं फारसं काही गंजत नाही, काही आयात करावं लागत नाही.

चिपळूणबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर तिथे पूररेषांवरून बराच क्षोभ झाला. निळ्या रेषेच्या, म्हणजे नदीलगतच्या पूररेषेच्या, आत बांधकाम करता येत नाही, म्हणजे आमच्या जागा मातीमोल झाल्या, असं लोकांचं म्हणणं. ती वेदना खरी आहे. पण नियमावली त्या पट्ट्यात उद्यान, मोकळ्या जागा यांना मुभा देते. पुरानंतर गाळ कुठे टाकायचा, मदतीचे ट्रक कुठे उभे करायचे, हा प्रश्न पडतोच. जिथे घर बांधणं धोक्याचं आहे तिथे, योग्य मोबदला देऊन, मुलांना कोरड्या दिवसांत खेळता येईल आणि वाशिष्ठी नदीला पसरता येईल अशी जागा राखणं, यापेक्षा शहाणा उपयोग कोणता? पावसाळ्यात ती बंद ठेवावी लागेल, एवढंच.

आणि जागा मोकळी ठेवणं आपल्याला नवीन नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या पालखी बसवायच्या मोकळ्या जागेवर, येते ती वर्षातून मोजके दिवस. उरलेलं वर्ष सहाण रिकामी असते, तिथे पोरं खेळतात, भात वाळतं, कोणी बसून गप्पा मारतं. तरी सहाण ‘वाया चालली’ म्हणून तिथे गाळे काढावेत, असं आपल्याकडे कोणी सुचवत नाही. देवरहाटीतलं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातलं, लाकूडही पिढ्यान् पिढ्या माणसं तोडत नव्हती. समाईक जागा रिकामी राहण्यातच तिचा उपयोग आहे, ही समज इथल्या माणसाला होती. पेठेत आल्यावर ती का सुटते?

त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलायचं तर नगरपालिकेला नोटीस प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. मुदत फार तर एक महिना असते, आणि नोटीस बहुधा कोणी न वाचणाऱ्या पानावर छापली जाते. ती शोधा, कापून ठेवा. हरकतीत बालपणाच्या आठवणी लिहू नका. त्या जागेपासून पाच मिनिटांच्या अंतरातल्या आळ्यांची नावं, घरं आणि चौदा वर्षांखालच्या मुलांची संख्या लिहा, दारोदार जाऊन मोजलेली. जवळचं दुसरं मैदान किती लांब आहे आणि वाटेत कोणते रस्ते ओलांडावे लागतात याचा साधा नकाशा जोडा. मालकाला मोबदला कधी आणि कसा देणार, हेही त्याच अर्जात विचारा, म्हणजे तो तुमच्या विरोधात उभा राहणार नाही. अर्जाची तारीख-शिक्क्यासह पोच घ्या आणि सुनावणीला जा. व्यापारी संघटना तिथे येते, मालकाचा वकील येतो. आळीतल्या चार आयांनी दोन तास दुकान बंद ठेवून यावं लागेल, आणि ती मोजणी एका रविवारात होण्यासारखी आहे.